गोधडीची पाटलोण

मिशनचे डॉक्टरसाहेब १९३७ साली मायदेशी परतले आणि त्यांची फटफटी दवाखान्याच्या पडवीतच राहिली. नवे डॉक्टर येणार अशी पत्रं वर्षभर येत राहिली, डॉक्टर काही आले नाहीत. नवापूरपासून सहा मैलांवर, सागाच्या जंगलाच्या कडेला असलेला तो दवाखाना दोघांवर येऊन पडला. इसहाक कंपाउंडर औषधं द्यायचा आणि सुसाना बाळंतपणं करायची.

सुसाना तिथलीच, मावची बोलणाऱ्या घरातली. मिशनच्या शाळेत शिकली, पुढं तीन वर्षं मोठ्या इस्पितळात राहून नर्स झाली. तिचा नवरा दावीद त्याच मिशनच्या शाळेत मास्तर होता. सुसाना बुटकी, अंगानं भरलेली आणि बोलायला सडेतोड. बाळंतिणीच्या उशाशी मात्र तिचा आवाज एकदम खाली यायचा.

डोंगरातल्या पाड्यांवरून बोलावणं आलं की ती बैलगाडीनं निघायची. बारा मैलांच्या वाटेला पाच तास लागत. त्या हिवाळ्यात ती पोचायच्या आतच दोन बायका गेल्या. दुसरी गेली तेव्हा सुसाना परत आली, बैल सोडायच्या आधीच पडवीत गेली आणि फटफटीवरचं गोणपाट ओढून काढलं. इसहाकला ती चालवता येत होती, पण तो बाहेर गेला तर दवाखाना बंद पडायचा. मग त्यानं तिलाच शिकवली. चर्चमागच्या मोकळ्या रानात आठ दिवस ती पडत, उठत, इंजिन बंद पाडत फिरली. नवव्या दिवशी ती एकटी नवापूरला जाऊन आली.

अडचण फटफटीची नव्हतीच. अडचण साडीची होती.

नर्सनं पांढरी साडी नेसायची असा मिशनचा रिवाज होता. सुसाना पदर कमरेला घट्ट खोचायची, निऱ्यांना पिना लावायची. मार्चातल्या एका सकाळी ती चार मैल गेली असेल नसेल, वाऱ्यानं साडीचा काठ सुटला आणि साखळीत ओढला गेला. फटफटी आडवी झाली, सुसाना तिच्याखाली आली आणि धुराची तापलेली नळी उजव्या पोटरीला चिकटली. शेतातून दोन माणसं धावत आली, त्यांनी फटफटी उचलली. पण साडी साखळीच्या दात्यांत अशी गुंडाळली गेली होती की ती सुटेना. सुसानानं पिशवीतली कात्री काढली आणि अंगावरची साडी स्वतःच कापली. त्या दोघांतल्या एकानं आपली घोंगडी दिली. ती घोंगडी कमरेला गुंडाळून, लंगडत, फटफटी ढकलत ती परत आली. ज्या बाळंतिणीसाठी ती निघाली होती, तिच्याकडे शेवटी पाड्यावरची म्हातारी दाईच गेली.

पोटरीची जखम भरायला तीन आठवडे लागले. गुडघ्याचं सोललेलं कातडं त्याआधी भरून आलं. ती रोज स्वतःच मलमपट्टी करायची आणि करता करता दावीदला सांगायची, की पुरुष पडला तर खरचटतो आणि बाई पडली तर जळते, याचं कारण फक्त कपडे आहेत. फटफटीवर बसायला वेगळे कपडे हवेत, ते मिळाल्याशिवाय आपण बसणार नाही.

आधी तिनं डॉक्टरसाहेबांचा कोट घालून पाहिला. जाड कातड्याचा तो कोट त्यांच्या थंड देशातला. दवाखान्यात तो कुणी कधी वापरला नव्हता. बाह्या तिच्या बोटांच्याही खाली आल्या, घेर घोट्यांपर्यंत पोचला. इसहाकनं बाह्या दुमडून सुतळीनं बांधून दिल्या. एप्रिलचे दिवस होते. दोन मैलांवर तिच्या डोळ्यांपुढं काळोखी आली. ती एका मोहाखाली बसली, कोट काढला तेव्हा आतला झगा पिळून काढावा इतका भिजला होता. शेजारून जाणाऱ्या एका बाईनं तिला ताप आला आहे असं समजून कपाळाला हात लावून पाहिला. साहेबांचे बूट तर तिनं घालूनच पाहिले नाहीत. एका बुटात तिचे दोन्ही पाय गेले असते.

मग मुंबईच्या एका दुकानाला पत्र लिहायचं ठरलं. त्या दुकानात साहेबलोकांच्या शिकारीचे आणि घोडेस्वारीचे कपडे मिळतात असं दावीदला कुणीतरी सांगितलं होतं. दावीदनं इंग्रजीत पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी छापील चित्रांचं पुस्तक आलं. मिशीवाले साहेब, त्यांचे तंग पायांचे चोळणे, गुडघ्यांपर्यंत बूट, डोळ्यांवर काचा. बायकांसाठी शेवटचं एकच पान होतं आणि त्यावर छत्र्या होत्या, कोपरापर्यंतचे पांढरे हातमोजे होते आणि फुलं लावलेल्या टोप्या होत्या. सुसानानं ते पान उलटसुलट करून पाहिलं. मग तिनं दावीदकडून दुसरं पत्र लिहून घेतलं. पाच फूट उंचीच्या बाईला फटफटीवर बसण्यासाठी अंगरखा आणि पाटलोण हवी आहे, कापड जाड पण हलकं असावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं. उत्तर लवकर आलं. आपल्या साहेबांच्या छातीचं, कमरेचं आणि पायाचं माप कळवावं, अशी दुकानदारानं विनंती केली होती.

दावीद हसला. सुसानानं पत्र घडी घालून ठेवलं आणि पुन्हा त्याच्याकडं पाहिलं, तेव्हा तो हसायचा थांबला.

नवापूरच्या बाजारपेठेत पितांबर शिंपी होता. मशीन जुनं, हात चांगला. सुसाना त्याच्या दुकानात गेली आणि काय हवं ते सांगितलं. पितांबरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो आपल्या अहिराणीत म्हणाला, "नर्सबाई, मी बाईमानूसनं माप लेत नही. लोके काय म्हनतीन? दावीदभाऊले धाडी द्या, त्यास्ना मापनं शिवी देस."

तिनं समजावून पाहिलं, की दावीद उंच आणि सडपातळ आहे, त्याच्या मापाची पाटलोण तिला होणार नाही. पितांबरनं ते मान डोलावून ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं. मग तिनं स्वतःच त्याची टेप उचलली, दुकानात उभी राहून आपलं माप घेतलं आणि आकडे सांगत गेली. पितांबर पाठ फिरवून लिहीत राहिला. बाहेर तिघेचौघे थांबले होते. आकडे ऐकून ते एकमेकांकडे पाहत होते, हे तिला दिसत होतं. तिचे कान तापले, पण ती थांबली नाही.

कापड कुठलं हवं हे पितांबरनं विचारलंच नाही. पोलीस, जंगलखात्याचे राखणदार आणि रेल्वेचे लोक त्याच्याकडेच शिवत, त्यामुळं दुकानात मजबूत कापड एकच होतं, खाकी. आठ दिवसांनी पाटलोण आणि बंद गळ्याचा कोट तयार झाला. पहिल्यांदा पाटलोण मांडीत अडकली, दुसऱ्यांदा कमरेतून घसरली. तिसऱ्या खेपेला मात्र ती बसली, आणि सुसानानं घरात दार लावून ती घालून पाहिली. उकिडवं बसून पाहिलं, खाटेच्या काठावर टांग टाकून पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

ते एकच दिवस टिकलं. रविवारी चर्चमधल्या भक्तीनंतर मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी तिला थांबवून घेतलं. पाळकसाहेब स्वभावानं मवाळ होते, त्यांना कुणाला दुखवायचं नसायचं, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नसे. ते म्हणाले, की सेवा मोठी आहे, फटफटीलाही त्यांचा विरोध नाही, पण ख्रिस्ती बाईनं पुरुषाच्या वेशात गावोगाव फिरणं शोभत नाही, हिंदू शेजारीही नावं ठेवतील. तोडगा म्हणून त्यांनी सुचवलं, की तिनं पाटलोण खुशाल घालावी, फक्त वरून साडी नेसावी.

सुसानानं त्यांना बाहेर फटफटीपाशी नेलं. साखळी दाखवली, दाते दाखवले, साडी कुठून ओढली जाते ते दाखवलं. पोटरीवरचा डाग दाखवला नाही, तेवढं तिनं राखलं. पाळकसाहेब वाकून बराच वेळ साखळीकडं पाहत राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "साडी जरा घट्ट नेसत जा, बाई."

तिनं यातून एक वाट काढली आणि ती तिला स्वतःलाच आवडली नाही. गावातून निघताना ती पाटलोणीवर साडी नेसायची, हळूहळू फटफटी चालवत ओढ्यापर्यंत जायची, तिथं झाडाआड साडी सोडून पिशवीत कोंबायची. पाड्याजवळ पोचली की पुन्हा तसंच, झाडाआड थांबून साडी नेसायची. येतानाही तेच. एका फेरीत चार वेळा. प्रत्येक वेळी पिना शोधत, काटे टोचत, मुंग्या झाडत ती मनातल्या मनात पाळकांना, पितांबरला आणि मुंबईच्या दुकानदाराला बोलून घ्यायची. दावीदला तिनं एकदा सांगितलं, की बाळंतपणाला लागत नाही इतका वेळ साडीला लागतो. तो म्हणाला, थोडे दिवस जाऊ दे, लोकांना सवय होईल. हे थोडे दिवस कुठल्या बाळंतिणीच्या वाट्याचे काढून द्यायचे ते तिला कळेना.

पावसाळा उलटून वाटा वाळल्या, आणि कार्तिकात उंबरखडीच्या पाड्यावरून वाहरू आला. पहाटेपासून चालत, घामानं निथळत. त्याची बायको रूपीबाई पहिलटकरीण, काल सकाळपासून कळा देत होती. सुसानानं त्याला मागं बसायला सांगितलं. पण वाहरू फटफटीपासून दोन हात लांब उभा राहिला. तो डोंगराच्या आडवाटेनं पायी येतो म्हणाला. समजूत घालत बसायला वेळ नव्हता. ती एकटी निघाली.

त्या दिवशी ओढ्यावर तिनं साडी काढली आणि उंबरखडीच्या अलीकडं ती नेसायला थांबली नाही. तेवढीच पाच मिनिटं वाचतील असं तिला वाटलं.

पाड्यात शिरली तेव्हा सगळीकडं शांतता होती. चुली पेटलेल्या होत्या, एका चुलीवर भाकर करपत होती. कोंबड्या अंगणात फिरत होत्या. माणूस एक नाही. तिनं इंजिन बंद केलं आणि मावचीत हाका मारल्या, मी नर्स आहे, वाहरूच्या बायकोसाठी आले आहे. कुडाच्या भिंतींमागून काही हालचाल नाही. मग तिला एका घराचं नवं बांधकाम दिसलं. सागाचे चार ताजे खांब उभे होते, अजून साल ओली होती. आणि तिच्या ध्यानात आलं, हा साग चोरून तोडलेला होता. जंगलखात्याच्या साहेबांकडेही अशीच फटफटी होती. आवाज तोच, आणि कपडेही तेच, पितांबरच्याच हातचे.

ती घरोघर डोकावत सुटली. शेवटच्या घरापाशी खाटेवर एक म्हातारा होता, त्याला पळता आलं नव्हतं. तिला पाहून त्यानं हात जोडले आणि सांगू लागला, साहेब, मी काही तोडलं नाही, माझ्यात कुऱ्हाड उचलायचं बळ नाही. सुसानानं धुळीसाठी डोक्यावर घातलेली टोपी काढली, केस सोडले, जमिनीवर त्याच्या खाटेपाशी बसली. तिनं आपल्या बापाचं नाव सांगितलं, आईचं माहेर सांगितलं. म्हातारा तिच्या तोंडाकडं पाहत राहिला. मग त्यानं मागच्या घळीकडं बोट केलं.

घळीत उतरायला सरळ वाट नव्हती. ती खाली बसत, घसरत गेली. पाटलोणीमुळं काटे लागले नाहीत, हेही तिला तेव्हा कळलं आणि त्याचाच राग आला. करंजाच्या झाडांखाली बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मधोमध रूपीबाई आडवी होती, आणि तिच्या सासूनं, रेवाबाईनं, तिच्या तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता. कळांचा आवाज वर जाऊ नये म्हणून.

ती कोण आहे हे पटायला आणखी थोडा वेळ गेला. मग मात्र रेवाबाईनं हात काढला आणि बाजूला सरकली. दगडधोंड्यांत, पाल्यावर पासोडी अंथरून बाळंतपण झालं. मुलगी होती. सुसानानं तिला उलटी धरली, पाठीवर थोपटलं, तोंडात बोट घालून साफ केलं, आपल्या तोंडानं वारा भरला. बराच वेळ करत राहिली. बायकांपैकी एकीनं शेवटी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती थांबली. रूपीबाईला रक्तस्राव होता. तो थांबवायला दुपार झाली. रूपीबाई वाचली.

वाहरू तोवर पोचला होता. तो घळीच्या कडेला बसून होता. रेवाबाईनं बाळाला फडक्यात गुंडाळलं. मग सुसानाच्या अंगावरचा कोट दोन बोटांनी धरला, कापड चुरगाळून पाहिलं, आणि विचारलं, "तू आमच्यातलीच ना? मग त्यांचे कपडे घालून का आलीस?"

 साखळीचं, साडीचं, पोटरीचं सगळं सांगता आलं असतं. तिथं त्यातलं काहीच सांगण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर दावीदनं तिची समजूत काढली. दोन दिवस अडलेलं बाळ, कदाचित ते आधीच गेलं असेल, तू लवकर पोचली असतीस तरी हेच झालं असतं. सुसाना म्हणाली, "असेल. पण ते कळायला मी तासभर आधी तिच्याजवळ असायला हवं होतं." त्यानंतर तो विषय तिनं काढू दिला नाही.

महिनाभर तिनं फटफटीला हात लावला नाही. पुन्हा बैलगाडी, पुन्हा पाच तास. एका पाड्यावर ती गेली तेव्हा मूल जन्मून न्हाऊन झोपलं होतं आणि बाळंतीण तिलाच पेज घे म्हणाली. दुसऱ्या पाड्यावर तिला उशीर झाला आणि तो नडला. तेव्हा फटफटी सोडून चालणार नाही हे तिला कळून चुकलं. चिडून तिनं खाकी कपडे रंगवायला नवापूरच्या रंगाऱ्याकडं दिले. लाल कर म्हणून सांगितलं होतं. खाकीवर लाल चढला नाही, शेवाळासारखा काळपट रंग आला. अंगावर घातल्यावर ती पूर्वीपेक्षा जास्तच जंगलखात्यातली दिसू लागली. इसहाक काहीतरी बोलणार होता, तिनं त्याला बोलू दिलं नाही.

दवाखान्यात गजराबाई नावाची एक बाई धुण्याला होती. शहाद्याकडची, विधवा, पन्नाशीची. चादरी धुऊन झाल्या की ती सावलीत बसून गोधड्या शिवायची. ते काळपट कपडे तिच्याकडे धुवायला आले तेव्हा तिनं ते उलटेसुलटे पाहिले, शिवण ओढून पाहिली आणि सुसानाला म्हणाली, की पितांबरनं शिवण चांगली घातली, पण पडल्यावर मार बसतो गुडघ्यावर आणि बैठकीवर, तिथं कापड एकपदरीच आहे. तिथं चार पदर हवेत. आणि चार पदर शिवायला मशीन कशाला हवं, ते काम गोधडीचं आहे.

सुसानाला आधी ते पटलं नाही. गोधडी पांघरून फटफटीवर बसल्यासारखं दिसेल असं ती म्हणाली. गजराबाई म्हणाली, दिसू द्या.

गजराबाईनं पितांबरची पाटलोण उसवली, तिचे तुकडे जमिनीवर मांडले आणि त्यांवरून जुनी लुगडी बेतली. बाहेरून जांभळं, हिरवं, चौकड्यांचं, काठाचं, जे हाताला लागेल ते. गुडघ्याला आणि मागं पाच पदर, बाकी दोन. कोट गुडघ्यापर्यंत, दोन्ही बाजूंना चिरलेला, कोपराला जाड. पोटरीच्या जागी मात्र नुसत्या कापडानं भागणार नव्हतं. तिथं डॉक्टरसाहेबांच्या कोटाचं कातडं कापून लावायचं ठरलं. इसहाक कोट कापायला तयार होईना, साहेब परत आले तर काय सांगू म्हणाला. सुसानानं कात्री आणली. कातड्यातून सुई जाईना म्हणून मोच्याकडून आरी आणावी लागली, ती गजराबाईच्या अंगठ्यात घुसली, आणि काम आठ दिवस थांबलं. मग सुसाना स्वतः टाके घालायला बसली. तिचे टाके माणसाच्या अंगाला चालत, गोधडीला चालत नव्हते. गजराबाई ते मुकाट्यानं उसवून पुन्हा घालायची.

कपडे तयार झाले तेव्हा हिवाळा संपत आला होता. पहिल्याच आठवड्यात नदीच्या पात्रातल्या वाळूत फटफटी घसरली आणि सुसाना चांगली चारपाच हात फरफटत गेली. उठून तिनं गुडघा पाहिला. वरचं जांभळं लुगडं फाटलं होतं, त्याखालचं हिरवंही. तिसरा पदर शाबूत होता. ती वाळूत बसली आणि उगाच रडली. दुखत काहीच नव्हतं.

मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी पुन्हा बोलावलं. या वेळी गजराबाई पाठोपाठ गेली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. पाळकसाहेबांनी त्या कपड्यांकडं पुढून पाहिलं, मागून पाहिलं. हा वेश पुरुषाचा म्हणावा की बाईचा, ते त्यांना ठरवता येईना, आणि त्यांनी तसं विचारलंही. सुसाना बोलायच्या आत गजराबाई म्हणाली, "साहेब, ही गोधडी शे." वडीलधाऱ्यांपैकी एकजण खोकला. पाळकसाहेबांनी थोडा विचार केला आणि गोधडीबद्दल आपल्याकडं काही नियम नाही असं सांगून ते घरी गेले.

म्हणजे सगळं जमलं असं नाही. वैशाखात ते कपडे अंगावर भट्टीसारखे तापत. पावसात एकदा भिजले की वाळायला तीन दिवस लागत, आणि ओलेच घालावे तर फटफटीपेक्षा तेच जड वाटत. नवापूरच्या बाजारातून ती गेली की माणसं दुकानांतून बाहेर येऊन पाहत. पितांबर पाठ फिरवून मशीन चालवायचा. बुटांचं तर शेवटपर्यंत जमलंच नाही. मोच्यानं तीन जोड करून दिले, तिन्ही तिच्या टाचांना लागले. ती कॅनव्हासच्या जोड्यांवर चिंध्या गुंडाळायची आणि घोटा मुरगळला की मोच्याला बोलायची.

उंबरखडीला ती मुद्दाम बरेच दिवस गेली नव्हती. पुढच्या माघात वाहरूचा निरोप आला, की रूपीबाईला पुन्हा दिवस गेले आहेत आणि तिचे पाय सुजतात. घाईचं काहीच नव्हतं. सुसाना सकाळी निघाली. पाड्याच्या अलीकडच्या वळणावर तिनं फटफटी बंद केली आणि चालत जावं का याचा विचार करत थोडी थांबली. मग पुन्हा चालू केली.

आवाज ऐकून माणसं घरांतून बाहेर आली आणि बाहेरच उभी राहिली. पोरं मागून धावली. एक म्हातारी तिच्या पाटलोणीवरचा काठ पाहून, हा माझ्या बहिणीच्या लुगड्यासारखा आहे असं दुसरीला सांगू लागली. त्या नव्या घराचे सागाचे खांब जुने दिसू लागले होते, त्यावर छप्पर चढलं होतं. सुसानानं रूपीबाईला तपासलं, पाय दाबून पाहिले, मीठ कमी खायला आणि दुपारचं आडवं व्हायला सांगितलं. रूपीबाई तिच्याकडं न पाहता हो म्हणत राहिली. मग एकदा तिनं पाहिलं आणि विचारलं, या वेळी तू वेळेवर येशील ना. सुसानानं सांगितलं, कळा लागायची वाट पाहू नका, आधीच मला बोलवा, मी दोन दिवस इथंच राहीन.

रेवाबाई दाराशी बसून होती.  सुसाना निघायला उठली तेव्हा रेवाबाईनं तिला हातानं खाली बसायला सांगितलं आणि पाय लांब करायला लावला. गुडघ्यावरचं जुनं फाटलेलं गजराबाईनं शिवलं होतं, पण एका कडेनं ते पुन्हा उसवत होतं. रेवाबाई आत गेली, सुई आणि मेण लावलेला दोरा घेऊन आली आणि सुसानाच्या पायावरच तो गुडघा शिवू लागली. सुई कापडातून खाली येताना दोन वेळा टोचली, सुसाना हलली नाही. शिवून झाल्यावर रेवाबाईनं दोरा दातांनी तोडला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हे आता सुटणार नाही."



रेवाबाईनं टाके फार ओढून घातले होते. फटफटीवर बसल्यावर सुसानाचा गुडघा पुरता वाकेना. बारा मैल ती उजवा पाय अर्धवट ताठ धरून आली, वाटेत दोनदा इंजिन बंद पडलं आणि दोन्ही वेळा त्याच पायानं ते चालू करावं लागलं. घरी पोचेपर्यंत मांडी ठणकत होती आणि ती वाटभर चरफडत होती. दावीदनं काय झालं म्हणून विचारलं तर काही नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाटलोण मांडीवर घेतली, ते टाके एकेक करून उसवले, आणि तोच दोरा सुईत ओवून, जरा सैल सोडून, पुन्हा घातले.